एमएमओसाठी माऊस घेऊ की कीपॅड? मदत हवी आहे

मंडळी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या एमएमओमध्ये (खूप जण एकत्र खेळतात तो ऑनलाइन गेम) हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारा, खेळतो, रेडमध्ये (मोठ्या गटाची लढाई) पळायचं, टार्गेट निवडायचं आणि वर स्पेल मारायचे म्हणजे करंगळी सतत शिफ्टवर, आता दुखायलाच लागलीये. रेझर नागा आणि कॉर्सेअर सिमिटार या दोन्ही माऊसमध्ये अंगठ्यापाशी 12 बटणं मिळतात, पण सिमिटारचं ते पॅनल पुढेमागे सरकवता येतं आणि माझा हात लहान आहे म्हणून मन तिकडे ओढतंय. टार्टारस कीपॅडही (एका हाताने वापरायचा छोटा कीबोर्ड) बघितला, छान वाटला, पण चॅटमध्ये काही लिहायचं तर परत कीबोर्डवरच यावं लागणार ना?
रोज वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा, ती 12 बटणं न बघता अंगठ्यात बसतात का, का मधली रांग चुकून दाबली जाते? वायरवालं चालेल, फक्त टिकाऊ हवं.