प्रति: हजेरीत सूट दिली की पुरे?
तान्हं बाळ असलेल्या विद्यार्थिनींना कॉलेजने हजेरीत सूट दिली की प्रश्न मिटला, असं एक मत आहे; ते अर्धंच पटतं. अंगावर पाजणाऱ्या विद्यार्थिनीला साधारण दर 2-3 तासांनी दूध काढावं लागतं, एका वेळेला 15-20 मिनिटं जातात. सलग प्रॅक्टिकल किंवा तीन तासांचा पेपर आला की छाती दाटते, गाठी होतात, कधी तापही येतो. असं वारंवार झालं तर दूध कमी होतं. म्हणून पेपरमध्ये दूध काढायला दिलेली सुट्टी पेपरच्या वेळेतून कापायची नाही, नाहीतर ती कोणी घेतच नाही. हे आधीच लेखी ठरवावं. ऐनवेळी पर्यवेक्षक अडवतात.

दूध काढायच्या खोलीचं म्हणाल तर आतून कडी, खुर्ची, पंपासाठी प्लग आणि जवळ नळ एवढं पुरतं. (स्वच्छतागृह दाखवून मोकळं होऊ नये!) काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तासच टिकतं, तेव्हा दिवस मोठा असेल तर फ्रिज हवाच.