रत्नागिरीची दुपार
थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग पाहून झाल्यावर रत्नागिरीत दुपारी खोलीत बसण्यावाचून गत्यंतर नसते, असे आपण रत्नागिरीवरील आपल्या लेखात लिहिले आहे. त्यात थोडी भर घालावीशी वाटते, कारण मे महिन्यातली दुपार ही येथल्या घरांची ऐन कामाची वेळ असते. अंगणांत आणि गच्च्यांवर रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं पसरलेली दिसतात. ती मीठ घातलेल्या रसात भिजवायची, कडक उन्हात टाकायची आणि वाळली की पुन्हा रसात बुडवायची, असे अनेकदा केल्यावरच आमसुलांना तो काळसर, किंचित चिकट पोत येतो. शेजारी तूप लावलेल्या ताटांत आंब्याची साठे, म्हणजे आटवलेल्या रसाच्या पोळ्या, सुकत असतात आणि कावळ्यांवर नजर ठेवत एखादी आजी काठी घेऊन ओटीवर बसलेली असते. मला तर राजवाड्याइतकेच हेही पाहण्याजोगे वाटते.

मिरकरवाडा या मासेमारी बंदरावर मात्र सकाळी लवकर जावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, हेही ध्यानात असू द्यावे. संध्याकाळी मांडवीची वाळू ओंजळीत घेऊन पाहावी. तिच्यात इल्मेनाइट या खनिजाचे काळे कण असतात, म्हणूनच त्या किनाऱ्याला लोक काळा समुद्र म्हणतात.