पेपरसाठी शालेय स्पर्धांचे फोटो काढायचेत, लग्नवाल्या फोटोग्राफरने सुरुवात कुठून करावी? (सांगली जिल्हा)

द्राक्षपट्टा_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. माझा तासगावात छोटा स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, पासपोर्ट, पडेल ते काम. आमच्या इथल्या वार्ताहर काकांनी विचारलं, जिल्हा पानासाठी शालेय स्पर्धांचे फोटो देशील का? पावसाळ्यात लग्नं नसतात, हात रिकामाच असतो, म्हणून हो म्हणून बसलोय.

परवा तालुकास्तर खो-खो झाली. भरपूर फोटो काढले. घरी येऊन बघतोय तर निम्म्यात नुसत्या पाठी. पळणाऱ्या पोरींच्या पाठी, पंचांची पाठ, एका फोटोत तर कुणाची तरी नुसती टोपी. पेपरात शेवटी आला तो बक्षीस समारंभाचा रांगेतला फोटो, तोही मी मोबाइलवर काढलेला.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) बॉडी, २४-७० लेन्स, कमी उजेडात चालणारी एक ५० एफ १.८ लेन्स आणि दोन फ्लॅश आहेत. पुढच्या आठवड्यात कबड्डी आहे, हॉलमध्ये मॅटवर. नंतर वेटलिफ्टिंग. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स विकत घ्यावी का? मानधन किती मागावं? आणि मुळात रांगेतलाच फोटो छापणार असतील तर चिखलात बसायचं कशाला?

---

हायपोचा_वास

लेन्सचं नंतर बघू. पाठी आल्या त्या लेन्समुळं नाहीत, तू उभा कुठं होतास त्यामुळं. मधोमध, प्रेक्षकांच्यात, बरोबर? तिथनं सामना छान दिसतो, फोटो मिळत नाही.

मी सांगलीत पेपरचं काम सुरू केलं तेव्हा एफएम-टू कॅमेरा होता आणि एका रोलात ३६ फोटो. ऑफिस सामन्याला एक रोल द्यायचं, त्यातच बक्षीस समारंभ पण बसवायचा. प्रिंट ओली असतानाच पाकिटात घालून कोल्हापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायची आणि ऑफिसला फोन करायचा, अमुक गाडीनं पाकीट येतंय. तेव्हा बोट बटणावर ठेवून मशीनगन चालवायची सोय नव्हती. त्यामुळं एक सवय लागली, ती अजून सुटलेली नाही: आधी खेळ बघायचा.

खो-खोच घे. हा खेळ फोटोवाल्याच्या सोयीसाठीच काढलाय की काय असं मला वाटतं. पाठलाग करणारीला मधेच मागं फिरता येत नाही, मधली पाटी (दोन खांबांमधला पट्टा, जिथं बाकीच्या बसतात) ओलांडता येत नाही. एक तर खो द्यायचा, नाहीतर खांबापर्यंत जायचं. म्हणजे पुढं काय घडणार ते निम्मं आधीच ठरलेलं असतं. तू खांबाच्या मागं जा, खांबामागच्या मोकळ्या जागेच्या, म्हणजे मुक्त क्षेत्राच्या पण बाहेर, जरा एका अंगाला सरकून बस. बस म्हणजे मांडी घालून बस. उभ्यानं काढलास तर पोरी बुटक्या दिसतात आणि मागं मंडपाचं कापड नि पाण्याचं पिंप येतं. दोन खांबांपैकी ज्याच्या समोरची बाजू मोकळी किंवा झाडांची आहे तो निवड.

बचावाला तिघी-तिघींची तुकडी येते. पहिल्या तुकडीला कॅमेरा मांडीवरच ठेव. कोण खांबावर सूर मारतं, कोण साखळीत (बसलेल्यांच्या मधनं नागमोडी) खेळतं, कोण हूल देऊन आत शिरतं, एवढं बघून घे. मग डोळा पळणारीवर लावू नको, पाठलाग करणारीच्या खांद्यावर लाव. एक हात खांबाला गेला आणि खांदा खाली आला की दाबायचं. ती आडवी पडल्यावर दाबलंस तर चिखल उडालेला मिळेल, चेहरा मिळणार नाही. शटर हजारच्या (सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) खाली आणू नको. ढग आले तर आयएसओ वाढव, शटर नाही सोडायचं. फोटो दाणेदार आला तर न्यूजप्रिंटवर कुणाला कळत नाही, हललेला मात्र शाळेतल्या पोराला पण कळतो.

कबड्डीला फ्लॅश घरी ठेवून जा. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यावर उजेड मारलास तर पंच एकदा सांगतील, दुसऱ्यांदा मास्तर लोक सांगतील. तुझी ५० एफ १.८ मॅटच्या कडेला पुरेशी आहे. बसायचं कुठं? बहुतेक जण मागच्या रेषेच्या पलीकडं बसतात. तिथनं चढाईचा चेहरा मिळतो, बोनस गुणासाठी टाकलेला पाय मिळतो. पण पकड झाली की तो पठ्ठ्या तोंड फिरवून मध्यरेषेकडं झेप घेतो, आणि तुला परत पाठच. म्हणून मी मध्यरेषेच्या टोकाजवळ बसतो, पंचाच्या फेऱ्या सोडून जरा तिरका. पाच जण अंगावर, एक हात रेषेकडं लांबलेला आणि चेहरा कॅमेऱ्याकडं. असा एक मिळाला की उठून चहाला जायला हरकत नाही.

हॉलमधे आणखी एक भानगड असते. एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसरा पिवळा. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नको. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर जोरात असलं की कधी उजेडाचा भाग सापडतो, कधी अंधाराचा. मेनूमधे फ्लिकर कमी करायची सोय असली तर चालू कर. नसली तर तीन-चार फोटोंचा झटका मार, एक तरी बरा निघतो. वेटलिफ्टिंगला सायलेंट शटर वापरायचा मोह होईल, पण त्याच दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. आधी दोन फोटो काढून तपासून घे.

वेटलिफ्टिंग आपल्याकडं नीट कर बाबा. बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचं पहिलं पदक सांगलीच्या संकेत सरगरनं घेतलं, ५५ किलोत रौप्य. त्याच वर्षी जूनमधे पंचकुलाला खेलो इंडियात त्याच्या बहिणीनं, काजलनं, सुवर्ण घेतलं होतं. वडिलांची पानाची टपरी. वजन डोक्यावर गेल्यावर पंचांची खूण होईपर्यंत धरून ठेवावं लागतं, तो फोटो सगळ्यांनाच मिळतो. मला त्याच्या आधीचा आवडतो. बार खांद्यावर आलाय, गुडघे जरा वाकलेत, गाल फुगलेत, आणि जाईल की नाही हे त्या पोराला पण माहीत नाही.

आता रांगेतला फोटो. त्याला नावं ठेवू नको. मला पण पूर्वी राग यायचा. पण घराघरात कात्रण जातं ते त्याचंच. फक्त तो काढायची रीत बदल. पाहुणे मधे उभे राहतात, पोरी दोन्ही कडांना. पेपरच्या डेस्कवर, म्हणजे पान लावतात तिथं, जागा कमी पडली की कडा कापतात, आणि जिनं डाव जिंकून दिला तीच नेमकी कापली जाते. म्हणून पोरी मधे, गुडघ्यावर, आणि पाहुणे मागं किंवा कडेला. “साहेब, जरा मागं, म्हणजे तुम्ही उंच दिसाल” म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

---

पान_पाच

कडा कापणारे ते आम्हीच. हायपोकाका, तीन कॉलमांत अठरा माणसं कशी बसवू ते पण सांगा एकदा.

द्राक्षपट्टा, डेस्कवरून थोडंसं सांगतो. जिल्हा पान रात्री लवकर सुटतं. अंतिम सामना संपला तरी पाहुणे यायचे असतात, बक्षीस समारंभ रेंगाळतो, आणि तुमचा फोटो येतो तेव्हा पानावर जाहिरात बसलेली असते. त्यामुळं उपांत्य सामन्याचा एक चांगला फोटो दुपारीच पाठवून ठेवा. पानावर त्याची जागा धरली की रात्री रांगेतला येऊनही तो सहसा हलत नाही. खेळाचा फोटो छापला जात नाही याचं निम्मं कारण तो उशिरा येतो हे आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जरा उजळ करून पाठवा, छपाईत काळवंडतो. एक आडवा, एक उभा. खेळाडूच्या पुढं थोडी मोकळी जागा सोडा, अगदी नाकाला टेकवून कापू नका.

आणि कृपा करून फोटो ओळीत “सामन्यातील एक क्षण” लिहू नका. क्षण आहे ते दिसतंय. कोण आहे ते लिहा. नावं युनिकोडमध्येच टाइप करून द्या. आम्ही ती आमच्या फॉन्टमध्ये फिरवतो तेव्हा रफार आणि जोडाक्षरं कधीकधी उडतात, म्हणून सोबत नावांच्या यादीचा कागदाचा फोटोही टाका. एवढं केलंत तर रात्री फोन करून उठवणार नाही.

---

शिट्टीवाल्या_बाई

मी पलूस तालुक्यात क्रीडाशिक्षिका आहे, मैदानाच्या आतल्या बाजूने लिहिते.

नावं हवी असतील तर आमच्याकडे सामन्याच्या आधी या. प्रवेशिकेवर सगळी नावं, वयोगट, शाळा नीट लिहिलेली असतात. तिचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. सामना संपल्यावर आम्ही डबे, बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि परतीची गाडी यांत असतो, तेव्हा कुणाचं नाव काय ते आम्हालाही पटकन आठवत नाही. १४, १७ आणि १९ असे तीन गट, त्यात मुलं-मुली वेगळे, एकाच दिवशी एकाच मैदानावर चाललेले असतात. वयोगट चुकला की दुसऱ्या दिवशी फोन आम्हाला येतो, तुम्हाला नाही.

सांगलीत आणखी एक घोळ असतो. महापालिका क्षेत्रातल्या शाळांची स्पर्धा वेगळी आणि उरलेल्या जिल्ह्याची वेगळी. दोन्हीकडचे विजेते पुढे कोल्हापूर विभागाला जातात. पेपरात नुसतं “जिल्ह्यात प्रथम” छापून आलं की दोन शाळांत भांडण लागतं. “मनपा” की “जिल्हा” ते लिहाच.

मुलींच्या फोटोबद्दल स्पष्ट सांगते. पेपरात आला तर आईवडील खूश असतात. तोच फोटो तुमच्या स्टुडिओच्या इन्स्टावर नावागावासकट गेला तर नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. शाळेला विचारल्याशिवाय टाकू नका. पडलेल्या, कपडे सरकलेल्या मुलीचा फोटो कितीही जोरदार असला तरी डेस्कला पाठवूच नका. आमच्याकडे एका गुणी मुलीचा खेळ असल्याच एका फोटोने थांबला. घरच्यांनी मैदानच बंद केलं.

बाकी, दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांना प्रमाणपत्र लागतं, कात्रण चालत नाही. तरी मी ज्या घरी जाते तिथे भिंतीवर फ्रेम कात्रणाचीच असते, प्रमाणपत्र ट्रंकेत!

---

द्राक्षपट्टा_स्टुडिओ

बाई, इन्स्टाचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत. पान_पाच, दुपारी पाठवायचं लक्षात ठेवतो.

हायपोकाका, मानधनाचं राहिलं. आणि ७०-२०० चं पण. जतला विभाग किंवा जिल्ह्याची स्पर्धा लागली तर तासगावहून जाऊन यायचं कसं परवडतं?

---

हायपोचा_वास

परवडत नाही. फोटोमागं जे मिळतं त्यात जतचं पेट्रोल सुटत नाही, आणि वर्षानुवर्षं तो आकडा हललेला नाही. मला तर एका ठिकाणी महिनोन्महिने थकवून शेवटी “तुमचं नाव छापतोय की” असं ऐकवलं होतं. त्यामुळं हे पोटाचं काम धरू नको, पोट लग्नांवरच ठेव. फोटोमागं दर मागण्यापेक्षा महिन्याचं ठरव, आणि तालुक्याबाहेरचा प्रवासखर्च वेगळा, हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घे. तोंडी नको. जत, आटपाडी, शिराळा असं लांबचं असलं तर तिथल्या पोराकडनं फोटो घेऊ दे त्यांना. फोटोखाली तुझं नाव येणार की पेपरचं, ते पण आताच विचार.

७०-२०० विकत नको. ॲथलेटिक्सच्या दोन दिवसांपुरती सांगली-मिरजेत कुणाकडनं तरी भाड्यानं घे. शंभर मीटरला अंतिम रेषेच्या बरंच पुढं, पळणाऱ्यांच्या समोर जमिनीवर बस, मात्र रेषेजवळ मास्तरांची गर्दी होते तेव्हा आधीच जागा धर. लांब उडीला वाळूच्या खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला, तिरकं. तिथं लेन्सवर वाळू येते, पुढं यूव्ही फिल्टर लाव. खो-खो, कबड्डी, कुस्ती तुझ्या आहे त्या सामानात निघतात. कुस्ती गादीवरची असेल तर पट काढायला (पाय धरायला) वाकतात तेव्हा नुसती डोकी दिसतात, चेहरा ढाक डावाला मिळतो, तोवर थांबायचं.

आता चिखलात बसायचं कशाला ते. एक पैसा जास्त मिळत नाही, ते सोड. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमधे गोळाफेकीत रौप्य मिळवलं. स्मृती मानधना माधवनगरला वाढली, नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात गेली. असं काही झालं की त्या रात्री ऑफिसातनं फोन सुरू होतात: शाळेत असतानाचा फोटो आहे का कुणाकडं? तेव्हा रांगेतला फोटो काढून दिलास तर त्यात ती तिसरी की चौथी ते कुणाला सांगता येत नाही. खेळतानाचा एकटीचा लागतो, नावासकट.

म्हणून फोटो टाकून देऊ नको. हार्ड डिस्क दोन घे, एक स्टुडिओत, एक घरी. २०१९ च्या पुरात सांगलीत कित्येकांच्या दुकानातलं सगळं एका रात्रीत गेलं, निगेटिव्ह पण. तळमजल्यावर काही ठेवू नको. फोल्डरला तारीख, खेळ, वयोगट, मनपा की जिल्हा, आणि बाई म्हणतात त्या प्रवेशिकेचा फोटो त्याच फोल्डरमधे. हे रात्रीच कर, दुसऱ्या दिवशी होत नाही.

कबड्डीला कुठला हॉल आहे? मिरजेत असेल तर मी येतो, बसायची जागा दाखवतो. गुडघे गेलेत, मांडी घालता येत नाही, स्टूल तू आण.