विहिरीचं पाणी मचूळ झालंय, मोठा पंप बंद

प्रेषक: माई (वाडीवरून)

मंडळी, आपली वाटून घेतलेली वाडी ज्या एकाच विहिरीवर आहे, तिच्याबद्दल लिहिते.

तीन एचपीचा पंप आजपासून बंद. स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलंय, किल्ली माझ्याकडे आहे. काल पहाटे घोटभर पाणी तोंडात घेतलं तर सरळ मचूळ, खारट लागलं. समुद्राकडच्या वाफ्यांत घेवड्याची पानं कडांनी करपून आत वळलीत. ठिबकच्या भोकांशी मिठाचे पांढरे पापुद्रे धरलेत, नखाने खरवडले की निघतात. लाल माठ अजून तग धरून आहे, पण घेवड्याला असलं पाणी अजिबात सोसत नाही.

सभेत ठरलं होतं, होळीनंतर फक्त अर्ध्या एचपीचा जुना पंप, सकाळ-संध्याकाळ. मग मोठा कोणी जोडला? मृगाला अजून दीड महिना आहे.

प्रेषक: भाऊ

माई, मोठा पंप मी जोडला आणि सांगून जोडला, नाना तिथेच होते. माझ्या केळींना घड धरलेत. छोट्या पंपाने पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत पोचेपर्यंत लाइट जाते. मोठ्याने तेच काम वीस मिनिटांत होतं.

आणि पाणी तर तेवढंच काढतो ना? शंभर कळश्या भराभर काढल्या काय नि सावकाश काढल्या काय, विहिरीतून गेल्या शंभरच. हे मला कोणीतरी नीट समजावून सांगा, मग कुलूप लावा. कलिंगडवाल्यांनी शिमग्यापर्यंत मनसोक्त पाणी घेतलं, तेव्हा विहिरीची काळजी कोणी केली नव्हती.

प्रेषक: नाना

भाऊ, शंभर कळश्यांचा मुद्दा लाखमोलाचा आहे, त्याचंच उत्तर देतो. आपली विहीर पुळणीत, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत आहे. पुळणीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. त्यातून एक हिशोब निघतो: गोडं पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा १ मीटर वर असेल, तर त्याखाली सुमारे ४० मीटर गोड्याचा थर असतो. घायबेन या डच अभियंत्याने १८८८ च्या सुमारास आणि हर्झबर्ग या जर्मनाने १९०१ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं. भूजलवाले अजून त्यांच्याच नावाने ओळखतात.

आता उलटं बघा. विहिरीची पातळी वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ८ मीटर वर यायला बघतं. मोठा पंप वीस मिनिटांत जे पाणी ओढतो, ते बाजूच्या वाळूतून तेवढ्या वेगाने झिरपून येऊ शकत नाही. मग ते खालून येतं. छोटा पंप चालू असताना बाजूचं पाणी येत राहतं, पातळी फार उतरत नाही. कळश्या शंभरच, पण कुठल्या थरातल्या हा फरक आहे.

आपल्या आजोबांच्या आगरात रहाट होता. बैल गोल फिरायचा, पोहरे एकामागून एक वर यायचे, पन्हळीतून पाणी पाटात आणि पाटातून माडांच्या आळ्यात. तासन् तास चालायचं आणि तरी विहिरीचा तळ दिसायचा नाही. वर्षानुवर्षं ती विहीर गोडी राहिली त्यात त्या संथपणाचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्रेषक: दादा (लेस्टर)

नाना, फार छान लिहिलंत. इथे विलायतेत माझा भाजीचा प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. बऱ्याच ठिकाणी नळाला पाइप जोडायलाच बंदी असते. टाकी भरलेली असते, झारीने उचलून घालायचं. झारी उचलली की माणूस आपोआप जपून पाणी घालतो. तुमच्याकडेही टाकी बांधून झाऱ्या ठेवाव्यात असं सुचवतो. आणि उंच वाफे करा, लाकडी फळ्यांचे. इथे त्यांनी जमीन वसंतात लवकर ऊबदार होते. आम्हाला टोमॅटोची रोपं मे महिना अर्धा सरेपर्यंत बाहेर काढता येत नाहीत, दहिवर पडतं, दव गोठून रोपं करपतात.

प्रेषक: माई (वाडीवरून)

दादा, टाकीचं पटलं. उंच वाफ्यांचं नको. जमीन ऊबदार करायची गरज इथे चैत्र-वैशाखात कोणाला आहे? पावसाळ्यात गादीवाफा हवाच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत, त्यात सपाट वाफ्यातली भेंडी मुळासकट कुजते. पण दसऱ्यानंतर गाद्या मोडून सपाट करायच्या आणि आता उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा चार बोटं खोल हवा, म्हणजे घातलेलं पाणी तिथेच मुरतं. उंच गादीवर चारी बाजूंनी वारं लागतं, पुळण दुपारपर्यंत कोरडी ठक्क पडते.

टोमॅटो-वांगी आपण पाऊस गेल्यावर लावतो, तुमचा प्लॉट तेव्हा झोपायला लागलेला असतो. तुमचं वेळापत्रक तिकडे अगदी योग्य, इकडे पावसाच्या हिशोबानेच चालावं लागतं.

पाणी वाचवायचं तर नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, पुरा. ती चरात पोकळ बाजू वर करून मांडायची, थरावर माती, परत थर. पाणी धरून ठेवतात. वर आंब्या-फणसाचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, वीतभर अंथरायचा. माझ्या वाफ्यात पातेरा उचलून बघा, खाली बोट घातलं तर दुपारीसुद्धा ओल लागते. केळीच्या आळ्यांत एकाने तरी पातेरा घातलाय का?

प्रेषक: नलूमावशी

पातेरा घाला, पण गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या कडेला ढीग करू नका, त्यात फुरसं बसतं, विषारी साप तो. मागच्या वेळी सांगितलं होतं.

आणि वानरांचं काय ठरलं? पाणी गोडं असो वा खारं, पडवळाच्या मांडवावर टोळी उतरली की संपलं. माझी तवसं (मोठ्या काकड्या) पावसात तयार होतात, निदान दोन तरी धोंडसासाठी, तवशाच्या गोड केकसाठी वाचावीत एवढंच म्हणणं आहे. सुरण, करांदे, कणगी हे कंद आणि हळद जमिनीखाली असतात, त्यांना वानर सहसा हात लावत नाहीत. गडग्याकडच्या वाफ्यांत पावसाळ्यासाठी तीच लावायची असा ठराव करा. कारल्यालाही फार त्रास नाही. दापोलीच्या विद्यापीठाच्या कोकण तारा या कारल्याच्या वाणाचं बी माझ्याकडे धरलेलं आहे, हवं त्याने घेऊन जा.

प्रेषक: भाऊ

नाना, समजलं. चाळीस पटीचा हिशोब आधी कोणी सांगितला नव्हता. पंप उतरवू.

पण माई, पातेऱ्यावरून केळीकडे गाडी वळते आणि केळीवरून "झाडं लावायला बंदी" वर येते, हे मी सभेतही बघितलंय. तेव्हा आत्ताच लिहून ठेवतो. ज्या विलायती पद्धतीवर आपण ही वाडी वाटून घेतली, तिथल्या १९२२ च्या कायद्यात स्वतःच्या घरी खाण्यासाठी भाजी किंवा फळं असं स्पष्ट आहे, जास्तीत जास्त चाळीस पोल, म्हणजे पाव एकर, आपले दहा गुंठे. फळं आहेत त्यात. केळ हे फळ आहे. माझे घड मी बाजारात नेत नाही, प्रत्येक वाफेवाल्याच्या घरी फणी जाते.

प्रेषक: दादा (लेस्टर)

भाऊ, कायद्यात फळं आहेत हे खरं. पण प्रत्येक जागेच्या करारात झाडांचे वेगळे नियम असतात. शेजाऱ्याच्या वाफ्यावर सावली पडता कामा नये हा मुद्दा हमखास येतो. तुमच्या केळींची सावली कोणावर पडते?

प्रेषक: नलूमावशी

माझ्यावर पडते आणि मला हवी आहे. उन्हाळ्यात अळू त्या सावलीतच जगलंय. कृपा करून केळी कोणी तोडू नयेत.

प्रेषक: नाना

सावलीचा विषय सभेत घेऊ. सध्या पावसापर्यंतचं असं: छोटा पंप पहाटे लाइट आल्यावर तास-दीड तास, फक्त टाकीत. टाकीतून झारी किंवा बारीक पाइप. घेवडा आता उपटावा, तो सावरणार नाही, ते पाणी वांग्यांना जाऊ दे. केळींना दिवसाआड, आळ्यात सोडणं आणि पातेरा घातल्यावरच. संध्याकाळी पंप नको, विहिरीला रात्रभर भरू द्या.

मोठा पंप विकू नये. पहिल्या पावसात खड्डे उपसायला लागतो. आणि पाऊस सरला की व्हाळावर (ओढ्यावर) वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा बांध घालू, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आतापासून साठवा. व्हाळ कार्तिकातच आटतो, त्याआधी पाणी अडलं तर ते आपल्याच अंगाला मुरेल.

प्रेषक: माई (वाडीवरून)

नाना, चालेल. पहाटेचा पंप मी लावते, मी उठलेलीच असते. रविवारी सकाळी सात वाजता पंप उतरवायचा आहे, दोन माणसं लागतील. आंब्याची काढणी चालू असल्यामुळे गडी मिळणार नाही, आपणच यायचं. भाऊ, येताना पान्हे आणा, आणि तुमच्या माडाखाली सोडणांचा ढीग आहे त्यातली चार टोपल्या केळींच्या आळ्यांना घेऊन या, पुरायला मी मदत करते.

नलूमावशी, कोकण ताराचं बी मलाही हवं.