जुनं घर घेऊन दुरुस्त करणाऱ्यांनो, अनुभव लिहा

नाशिकला 1984 सालचा एक रो-हाऊस आम्ही नक्की केलाय. इसार दिला, खरेदीखत व्हायचंय. खाली मोझॅक, ओट्याला कडप्पा, न्हाणीघरात पांढऱ्या सहा इंची टाइल्स, खिडक्यांना लोखंडी चौकटी. घरच्यांना हे सगळं आधी उखडून टाकायचंय, मला त्यातलं निम्मं आवडतं. इंटिरियरवाल्याने दाखवलेल्या चित्रात छतात लपवलेले दिवे आहेत, पाण्याच्या पाइपाचं नाव नाही. म्हणून हा धागा. तुम्ही जुनं घर घेतलंत तेव्हा पैसा नेमका कशात गेला, काय ठेवलंत, काय फोडलंत, सविस्तर लिहा. बजेटचे आकडे नाही लिहिलेत तरी चालेल.

वरचा मजला, डोंबिवली

तुमचा रो-हाऊस आहे, पण सोसायटीतला फ्लॅट घेणाऱ्यांसाठी लिहितो. घराआधी इमारत बघा. आमची 1979 ची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. सेक्रेटरींकडे शेवटचा रिपोर्ट मागायचा. "आहे कुठेतरी, शोधतो" असं उत्तर आलं तर काय ते समजा. सभेची इतिवृत्तंही चाळा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खाली पुनर्विकासाची हालचाल सुरू असलेल्या इमारतीत मॉड्युलर किचन बसवणारे महाभाग आमच्या शेजारच्याच विंगमध्ये आहेत.

आता न्हाणीघर. टाइल बदलायला गवंड्याने छिन्नी लावली आणि खालच्या भरावातले विटांचे तुकडे ओलेचिंब निघाले. हातात घेतला की चुरा. जाळीच्या कडेने वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं, आणि खालच्या काकू आधीच्या मालकांशी भांडून थकल्या होत्या. सगळा भराव घमेल्यांनी उपसला. जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कापला तर आत गंज चढून करंगळी शिरेना. वरच्या नळाला धार का नाही, ते तिथे कळलं. वॉटरप्रूफिंग झालं की पाइपाची तोंडं बंद करून पाणी भरा आणि 48 तास तसंच राहू द्या. मग खालच्यांकडे जाऊन छत स्वतः बघा. टाइल त्यानंतर. कंत्राटदार घाई करेल, त्याला चहा पाजा.

झिरी, पुणे

वायरिंग राहिलं की वर! आमच्याकडे लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी होत्या, अर्थिंगचा पत्ता नाही. एसी आणि गीझरला 4 चौरस मिमीची वायर, साध्या प्लगांना 2.5 आणि मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). हे रंगाच्या आधी. रंग झाल्यावर झिरी मारायला आलेला इलेक्ट्रिशियन आणि घरातली मंडळी यांच्यात मग आपण मधे उभं राहायचं.

कोनवासा, दापोली तालुका

निसर्ग वादळानंतर (3 जून 2020) आमच्या भागात बरीच घरं विकायला निघाली. आम्ही घेतलं त्याचं मागच्या पडवीवरचं छप्पर पूर्ण गेलेलं, माजघरावरचं शाबूत. गावात जो तो पत्रे घालत होता. स्वस्त, झटपट आणि माकडांचा त्रास नाही. वानरं कौलं कशी सरकवतात ते ज्याच्या छपरावर आलीत त्यालाच ठाऊक. तरी आम्ही कौलंच ठेवली, कारण मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. गळतीवर उतारा म्हणून काही लोक खाली पत्रा आणि वर कौलं असं करतात. बरं दिसतं, पण मग वरच्या वजनाचा हिशोब वाशांना लावून बघायला हवा.

सुतारांनी एकेक वासा हातोडीने वाजवून बघितला. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर काढायचा. मधे सगळे ठणठणीत, पण भिंतीत जिथे टोकं बसतात तिथे वाळवीने भुसा केलेला. खालून बघून हे कळत नाही, टोक उघडावंच लागतं.

मंगलोरी कौलं जुनी घ्यायची तर एकाच पाडलेल्या घराची, एकगठ्ठा. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाचेत खाच बसत नाही. मागे छाप असतो तो वाचून जुळवून घ्यायची. आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) ठोकण्याआधी कौल हातात घेऊन अंतर मोजायचं. आमच्या शेजाऱ्यांनी आधी रिपा ठोकल्या, मग कौलं आणली, आणि मग रिपा पुन्हा उखडल्या.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

पूर किती आला होता ते मालकाला विचारू नका, समोरच्या दुकानदाराला विचारा. 2005 ची खूण आणि 22 जुलै 2021 ची खूण, दोन्ही भिंतीवर दाखवतात लोक. आम्ही मीटर आणि सगळी बटणं त्या रेघेच्या वर नेली, तळाला लाकडी फर्निचर केलंच नाही. बाकी घर उत्तम आहे.

चुनखडी, वाई

दगड-मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करू नका, आमच्याकडे आधीच्यांनी केला होता. भिंत खालून ओल ओढते, चुन्यातून ती वाळून निघून जाते. सिमेंटखाली ती कोंडते, मग पापुद्रे, मिठासारखे पांढरे क्षार, आणि एक दिवस अख्खा थर ढपलीने खाली. आम्ही तो काढून चुन्याचाच केला. चुना भिजत घालून मुरवावा लागतो, कामाला वेळ लागतो, आणि तो करणारा गवंडी मिळवणं हेच खरं काम. आमचे गवंडी सत्तरीचे, दोन नातू हाताशी घेऊन आले.

कागदांचं थोडक्यात: मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं नाव होतं. वारस सात जण, त्यातले दोघे परदेशी. मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि सगळ्यांच्या सह्या हातात येईपर्यंत एका विटेलाही हात लावला नाही. आमचे वकीलसाहेब म्हणाले, "गिलावा नंतर, फेरफार आधी."

तुळशीवृंदावन, डिचोली

गोव्यात याहून एक पायरी जास्त. इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणून विकणाऱ्या भावाबरोबर वहिनींचीही सही लागते. मालक वारले असतील तर इन्व्हेंटरीची (वारसांत मालमत्ता वाटण्याची) कारवाई पुरी झालीय का ते बघायचं. आणि आवारात कोणी मुंडकार (मालकाच्या जागेत घर करून राहणारा) राहत असेल तर त्याचा हक्क वेगळा आहे. दलाल हे सांगत नाही.

तळघर, न्यू जर्सी

इकडचं 1952 चं घर आहे, लिहू का? इथे जुन्या घरांना हीटिंगसाठी तेल लागायचं आणि टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, टाकी तशीच राहिली. गळली असेल तर माती साफ करण्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात. म्हणून करार होण्याआधी धातूशोधक यंत्र फिरवून घेतलं. निघाली! काढायचा खर्च विकणाऱ्यांनी केला, टाऊनशिपचा माणूस खड्डा बघून गेल्यावरच आम्ही पुढे सरकलो.

1978 च्या आधीचं घर म्हणून रंगात शिसं असू शकतं असा इशारा देणारा कागद सहीला येतो. तळघरातल्या नऊ इंची जुन्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्या घासायच्या नाहीत. आम्ही त्यांच्यावरच नवी फरशी टाकली. सासूबाई व्हिडिओवर बघून म्हणाल्या, "एवढं जुनं घेतलंस तर वाड्यातच राहायचं होतंस."

ऑरेंज सिटी

भाऊ, नागपुरात काळी माती आहे. उन्हाळ्यात भेग रुंदावते, पावसाळ्यात मिटते, अन् रंगारी दरवर्षी पुट्टी भरून पैसे नेतो. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर पाया हलतोय, मग इंजिनियरला बोलवा. नुसत्या सिमेंटने होत नाही ते. आम्ही घराभोवती फरसबंदी करून पावसाचं पाणी जोत्यापासून दूर काढलं, तवा भेगा थांबल्या.

स्पष्टवक्ता, ठाणे

सगळ्यांनी फार प्रेमाने लिहिलंय, पण एक बाजू राहतेय. आमच्या बंगल्याच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या होत्या. दुरुस्ती, वायरिंग, प्लंबिंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांची बेरीज केली तेव्हा पाडून बांधणं तिच्या फार पुढे नव्हतं. पाडलं. मोझॅक मला आवडत नाही, कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व. दरवाजांचं सागवान मात्र ठेवलं, त्या जाडीचं आता परवडत नाही.

धागाकर्ती

स्पष्टवक्ते, आमचा स्लॅब इंजिनियरने ठोकून बघितला, ठीक आहे म्हणालेत. तेव्हा मोझॅक ठेवायचं ठरतंय. दोन ठिकाणी टवका गेलाय आणि दिवाणखान्यात जुन्या कपाटाचे काळे डाग आहेत. होतं का काही?

झिरी, पुणे

होतं, ताई. टवक्यात त्याच रंगाच्या सिमेंटमध्ये संगमरवराची बारीक खडी मिसळून भरतात, सुकलं की मशीनने आधी जाड दगड, मग बारीक, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पॉलिश. गाळ चिखलासारखा घरभर होतो, म्हणून सामान न्यायच्या आधी करा. कपाटाचे डाग खोल असतील तर फिकटतात, जात नाहीत. तिथे सोफा ठेवा.

पंचवटीकर

लोखंडी खिडक्या काढणार असाल तर भंगारात देऊ नका, आधी मला मापं पाठवा. आमचं 1986 चं घर आहे, तशाच दोन हव्यात आणि नवीन कोणी करून देत नाही.