जुनी ओम्नी: सेल्फ रडतो, हेडलाइट लावली की टेम्परेचरचा काटा वर, आता म्हणे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला

भिलारचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. ओम्नी एमपीएफआय, पेट्रोल, २०१२ चं मॉडेल. मागची सीट काढून ठेवलेली असते कारण सीझनला स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून भिलारहून वाई-सातारा चालू असतं, माल घरच्याच शेतातला. दोन लाखाच्या आसपास चाललीये, इंजिन एकदाही उघडलेलं नाही, ऑइल खात नाही, धूर नाही, म्हणून गाडी सोडवत नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून एक काम झालं की दुसरं निघतंय.

आधी सकाळी सेल्फ जड फिरायला लागला. नवी बॅटरी टाकली, आठवडाभर बरं चाललं, परत तेच. मग सेल्फ उघडून ब्रश-बुश बदलले. मग डायनामो चार्ज करत नाही म्हणाले, तो पण उघडला. रात्री हेडलाइट पिवळट पडते आणि विचित्र म्हणजे हेडलाइट लावल्या लावल्या टेम्परेचरचा काटा वर सरकतो, बंद केली की खाली येतो. पसरणी घाट चढताना तो काटा बघून जीव घाबराघुबरा होतो, दोनदा थांबून बॉनेटसारखं सीट उचलून बघितलं तर कूलंट बरोबर आहे, उकळत वगैरे काही नाही. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो कधी जातो. एक्सिलरेटर जड झालाय, केबल नवीन टाकली होती ती पण दोन महिन्यांत जड झाली. आणि गिअर टाकून क्लच सोडला की खालून "टक्" असा आवाज, साठच्या पुढे फ्लोअर थरथरतो.

आता गॅरेजवाले म्हणतात ईसीएम गेला असणार, जुना बघून देतो. तोंडाने सांगितलेली किंमत ऐकूनच मी गाडी घरी घेऊन आलो. सीझन तोंडावर आहे. कुठून सुरुवात करू?

दगडी_चाळ

भाऊ, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला १५ वर्षं होतील, मग आरसी रिन्यूअल, फिटनेस, ग्रीन टॅक्स हे सगळं मागे लागणार. त्यापेक्षा आत्ताच विकून सेकंडहँड ईको बघा, १२०० सीसी आहे, घाटात दम आहे. ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पसरणी चढतंय हेच खूप झालं.

मीटरवाला

दगडी चाळ, गाडी विकायची का नाही तो त्यांचा प्रश्न, पण आजारी गाडी विकायला काढली तर भावही आजारी गाडीचाच येणार. आणि १५ वर्षांनंतर रिन्यूअल करून पुढची ५ वर्षं मिळतात की खाजगी गाडीला, गाडी ठणठणीत असेल तर काही अडत नाही.

भिलारकर दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि मला एक्सिलरेटर केबलवर थांबावंसं वाटलं, ज्याला तुम्ही सगळ्यात कमी महत्त्व दिलंय. सेल्फ, डायनामो, हेडलाइट, काटा, चेक इंजिनचा दिवा हे पाच वेगवेगळे आजार एकाच पावसाळ्यात एकाच गाडीला होत नाहीत. बॅटरीची मायनस केबल बॉडीला जाते, आणि बॉडीवरून इंजिन किंवा गिअरबॉक्सला एक वेगळी अर्थची (अर्थिंगची) पट्टी नाहीतर जाड वायर जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणजे इंजिनचा परतीचा रस्ता ती एकच वायर. ती सडली की सेल्फचा शंभर-सव्वाशे अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट असते एक्सिलरेटर नाहीतर क्लचच्या केबलची लोखंडी जाळी. केबल आतून तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं, तार अडकायला लागते. नवीन केबल दोन महिन्यांत जड होण्याचं दुसरं कारण मला तरी सापडत नाही, केबल वेडीवाकडी ओवली असेल तरच.

बाकीचं पण यातच बसतं. डायनामो इंजिनवर बोल्ट केलेला आहे, त्याची मायनस म्हणजे त्याची स्वतःची बॉडी. तो आपल्या परीने १४.२ व्होल्ट देतोय, पण मधे खराब अर्थमध्ये एक-सव्वा व्होल्ट खाल्ला जातोय, बॅटरीपर्यंत पोचतात जेमतेम १३. म्हणून नवी बॅटरी आठवडाभरात अर्धपोटी राहते आणि हेडलाइट पिवळी दिसते. काट्याचं म्हणाल तर त्याचा सेन्सर इंजिनला अर्थ झालेला आणि मीटर बॉडीला, दोघांमधे फरक पडला की काटा खोटं बोलणार. तीन-चार लिटर कूलंट हेडलाइटचा स्विच दाबल्याबरोबर तापू शकत नाही हो, काटा एका सेकंदात उडाला म्हणजे तो वायरिंगचा आहे, पाण्याचा नाही. खरी हीटिंग हळूहळू चढते.

आता खर्च न करता बघायचं कसं. दोन-तीनशेचा डिजिटल मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभी गाडी, सकाळी दरवाजे बंद, बॅटरीवर १२.५-१२.६ हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या नाहीतर पुढचं सगळं चुकेल. मग काळा प्रोब बॅटरीच्या मायनस पोलवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर टेकवायचा, आणि लाल प्रोब इंजिनच्या स्वच्छ धातूवर, रंग किंवा ऑइलचा थर खरवडून. गाडी न्यूट्रलमधे, हँडब्रेक ओढलेला, कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२-०.३ पर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेला की अर्थ खराब, दोन-अडीच दाखवलं तर मग शोध संपला.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण गॅरेजमधे हेच होतं. वायर ओहमवर ठेवून "कंटिन्युइटी आहे, बीप वाजतोय" म्हणून अर्थ चांगली ठरवतात. जाड वायरीतली एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, मीटर तपासताना करंट सोडतं तो नावापुरता. ०.०१ ओहम कुठल्या साध्या मीटरवर दिसणार? आणि त्याच ०.०१ मधून १२० अँपिअर गेले की १.२ व्होल्ट गायब. त्यामुळे अर्थ तपासायची ती लोड असतानाच.

मीटर नसेल तर जंपर केबलची एक तार घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सरळ इंजिनच्या एखाद्या बोल्टला, सेल्फ मारा. गाडी झटक्यात उठली तर तुमचं उत्तर मिळालं. त्याआधी सीटखाली पेट्रोलचा वास नाही ना तेवढं बघा, ठिणगी पडते.

तोपर्यंत ईसीएमला हात लावू देऊ नका.

नाशिकची_रेखा

मीटरवाला दादांशी पूर्ण सहमत, फक्त एक भर. आमच्या शाळेच्या व्हॅनला उंदराने वायरिंग कुरतडलेलं होतं आणि लक्षणं जवळजवळ अशीच होती. ओम्नीचं इंजिन सीटखाली, गाडी उभी केली की तिथे छान ऊब, पावसाळ्यात उंदीर तिथेच येऊन बसतात. शिवाय त्या उष्णतेने वायरीचं कव्हर कडक होऊन तडकतं. सीट उचलून टॉर्च मारून वायरिंगचा गठ्ठा हाताने चाचपून बघा, टेप गुंडाळलेली जागा दिसली की ती उघडा. कुणीतरी पूर्वी जोड मारलेला असतो आणि तो हिरवा पडलेला असतो.

आणि रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर लीकेज पण मोजा. मायनस केबल काढून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मधे जोडायचं, चावी काढलेली, दरवाजे बंद. ०.०५ च्या आत हवं. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जायचं, आकडा पडला ती लाइन दोषी. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आमच्याकडे नंतर बसवलेल्या टेपची वायर निघाली, चावी काढली तरी चालू राहणारी.

स्कॅनर_प्रेमी

मोबाइलला जोडायचा तो ब्लूटूथ ईएलएम ३२७ स्कॅनर घ्या ना, ईसीएममधला बिघाडाचा कोड लगेच कळेल. एवढं मीटर घेऊन बसायची गरजच नाही.

मीटरवाला

त्या काळच्या ओम्नीला स्वस्तातला ईएलएम बोलेलच असं नाही, कंपनीचा किंवा चांगला मल्टीब्रँड स्कॅनर लागतो. आणि समजा कोड आला, सेन्सरच्या व्होल्टेजचा येईल. अर्थ खराब असताना येणाऱ्या कोडवर विश्वास ठेवून माणसं एकामागून एक सेन्सर बदलत बसतात. आधी अर्थ आणि चार्जिंग दुरुस्त, मग कोड पुसून परत बघायचा, जो परत येईल तो खरा.

रेखाताईंचा उंदराचा मुद्दा बरोबर आहे, ते बघाच.

कराडचा_फिटर

इलेक्ट्रिकलचं वर सगळं आलंय, मी खालचं बोलतो, माझा रोजचा धंदा आहे. गिअर टाकून क्लच सोडल्यावर "टक्", रिव्हर्सला पण येत असेल बघा, तो प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा फिरता सांधा. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, ग्रीस संपलं की कपातल्या सुया झिजतात.

खात्री अशी करा. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागची दोन्ही चाकं स्टँडवर, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घरी कुणीतरी वाट बघतंय. न्यूट्रलला शाफ्ट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पुढचा योक (क्रॉस धरणारा दुबेळका भाग) हलवा. दोघांमधे जरा जरी खेळ जाणवला तर क्रॉस गेला. आणि कपाच्या कडेला विटकरी रंगाची बारीक पूड दिसली तर हलवून बघायचीही गरज नाही, सुया गंजून त्याचीच पूड बाहेर येते.

साठच्या पुढच्या थरथरीचं एक वेगळं बघायचं. सपाट मोकळ्या रस्त्यावर, घाटात अजिबात नाही, ज्या स्पीडला थरथर येते तिथे क्लच दाबून इंजिन खाली येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर शाफ्ट किंवा चाकं. लगेच गेली तर इंजिन, माउंटिंग किंवा मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं). चाकांचं असेल तर बहुतेकदा स्टिअरिंगमधे जाणवतं, शाफ्टचं सीटखाली आणि फ्लोअरला.

शाफ्ट उतरवायच्या आधी फ्लॅंज आणि योक दोन्हीवर छिन्नीने नाहीतर पेंटने खूण करून घ्यायला सांगा, जसा होता तसाच बसला पाहिजे. खूण न करता उलटा बसवला की क्रॉस नवे आणि थरथर जुनीच, मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता.

क्रेट भरून फिरता म्हणून सांगतो, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ते टांगणाऱ्या शॅकलचे बुश पण बघून घ्या. पाटे बसले की शाफ्टचा कोन बदलतो आणि नवा क्रॉस पण लवकर जातो. घाट उतरता रोज, त्यामुळे मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल आहे का बघा. ओल म्हणजे ब्रेक ऑइल गळतंय आणि ते लायनरला लागलं की गाडी ब्रेकला एका बाजूला ओढणार. हे काम मात्र पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

भिलारचा_शेतकरी

मंडळी, काल दुपारी वेळ काढून बसलो. पुतण्याला सेल्फ मारायला बसवलं. बॅटरी आधी बाहेरून चार्ज करून १२.६ केली होती. मायनस पोल ते इंजिन, सेल्फ मारताना मीटरवर २.३ व्होल्ट. आणि पुतण्याला चार-पाच वेळा मारायला सांगून एक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर खरंच गरम, बाकी इंजिन अजून गार.

मग जंपर लावून बघितलं, एका झटक्यात स्टार्ट. मी आणि पुतण्या एकमेकांकडे बघत राहिलो.

गिअरबॉक्सवरची अर्थ वायर वरून एकदम चांगली दिसत होती हो, काळं कव्हर शाबूत. बोल्ट काढून ओढली तर थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हातात आलं, कव्हर ब्लेडने चिरलं तर आत तांब्याच्या जागी हिरवा भुसा, दोन-चार तारा शिल्लक. बॉडीच्या बोल्टखाली पण गंज होता. वाईहून बॅटरीच्या दुकानातून जाड वायर थिंबल दाबून करून आणली, दोन्ही बाजू काचपेपरने चकचकीत केल्या, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं.

आता सेल्फ मारताना ०.१५. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर १४.१. काटा जागचा हलत नाही. चेक इंजिनचा दिवा अजून तरी आलेला नाही, चार दिवस बघतो. एक्सिलरेटर केबल खराब झालेलीच आहे, नवीन टाकतोय.

फिटर दादा, पुढच्या क्रॉसला खेळ आहे, मागचा घट्ट वाटतो पण कडेला तुम्ही म्हणता तशी पूड आहे थोडी. फक्त पुढचा बदलला तर चालेल का?

कराडचा_फिटर

दोन्ही बदला. पूड आलीये म्हणजे मागचाही सीझन काढणार नाही, आणि शाफ्ट एकदाच उतरवायचा आहे, मजुरी एकदाच. ओम्नी १९८४ पासून पार २०१९ पर्यंत बनत होती, पार्टची काळजी नको, सर्क्लिपसकट सेट मिळतो. बसवल्यावर क्रॉस हाताने चारी बाजूला मोकळा फिरला पाहिजे, अडखळत असेल तर एखादी सुई आत आडवी पडलीये, तसाच चालवू नका, परत काढायला लावा.

नाशिकची_रेखा

अर्थ वायरचं वाचून फार बरं वाटलं दादा. जमलं तर इंजिन ते बॉडी अजून एक जादा वायर दुसऱ्या बाजूने टाकून घ्या, खर्च काही नाही आणि एक गेली तरी दुसरी असते.

भिलारचा_शेतकरी

जादा वायर उद्याच टाकतो. शाफ्ट आणि मागचे ड्रम दोन्ही मंगळवारी वाईला उघडायचे ठरलेत, मी स्वतः थांबणार आहे, पेंटची डबी घेऊन.