अनुभव धागा : रेंज पूर्ण, तरी जोडणी अडखळते, कुठे काय बघायचं?

धाग्याचा विषय
फोनवर सगळ्या दांड्या दिसतात, तरी व्हिडिओ कॉल थिजतो, हेडफोनचा आवाज तुटतो, मोबाइलवर समोरच्याचं अर्धंच वाक्य पोचतं. बिनतारी यंत्रणांवर काम करणाऱ्यांनी लिहावं: आधी काय मोजता, कोणता आकडा चालतो, बिघाड कुठे सापडतो? ‘राउटर बदला’ एवढंच उत्तर नको.

प्रतिसाद १ : घरगुती वायफाय जोडणी
किती डीबीएमला (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किती दांड्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे दांड्या सोडून द्या. वायफाय मोजणारं ॲप उघडा आणि डीबीएम वाचा. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -50 उत्तम, -67 पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, -75 ला अडखळणं सुरू, -80 ला जोडणी केव्हाही सुटेल. 3 डीबी घटले की शक्ती निम्मी होते आणि 10 घटले की दहावा हिस्सा उरतो, म्हणून -67 आणि -77 मधला फरक फार मोठा आहे.

आकडा चांगला असूनही रडत असेल तर चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला राउटर वापरतो तो हिस्सा, बघा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल 5 मेगाहर्ट्झच्या अंतराने आखलेले आहेत, पण एका जोडणीला 20 लागतात. म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच: 1, 6 आणि 11. पुष्कळ जण यादीत मोकळा दिसतो म्हणून 3 किंवा 4 निवडतात आणि तिथेच फसतात. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात, थांबतात, पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरून येतो तो निव्वळ गोंगाट. डेटाची पाकिटं (तुकडे) खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात, वेग कोसळतो. शेजारी 6 वर असेल तर तुम्हीही 6 वर राहा, 4 वर जाऊ नका. चॅनेलची रुंदी 20 च ठेवा. 40 केलीत तर जवळजवळ अख्खा पट्टा अडतो.

5 गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण भिंती जास्त अडवतात. इथला एक बिघाड ओळखायला अवघड: नेटवर्कचं नाव मधूनच यादीतून गायब होतं आणि मिनिटाभराने परत येतं. 52 ते 144 या चॅनेलांवर रडारचा हक्क आधी असतो. रडारची चाहूल लागली की राउटरने चॅनेल सोडायचा, आणि तिथल्या दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर बोलण्याआधी किमान 60 सेकंद ऐकायचं, असा नियम आहे. विमानतळ, बंदर किंवा हवामान रडार जवळ असेल तर 36 ते 48 मधला चॅनेल हाताने बसवा.

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर. फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्यामागे नको. धातू लहरी परतवतो, पाणी गिळतं. दांडीसारखा अँटेना टोकाच्या दिशेने सर्वांत कमी फेकतो, म्हणून टोक तुमच्या खोलीकडे रोखू नका. राउटरची शक्ती वाढवूनही फारसा उपयोग नाही. त्याचं फोनला ऐकू येईल, पण फोनचं त्याला ऐकू यायला हवं ना!

प्रतिसाद २ : मेश बसवताना
मेश म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणारी अनेक यंत्रं, त्यातलं प्रत्येक एक नोड. दुसरा नोड रेंज संपते तिथे ठेवला तर तो ती कमकुवत रेंजच पुढे वाटतो. पहिल्याचे -60 ते -65 डीबीएम मिळतात तिथे ठेवा. पहिल्या नोडशी बोलणं आणि तुमच्या फोनला रेंज देणं ही दोन्ही कामं एकाच रेडिओवर चालली तर वेग साधारण निम्मा होतो. शक्य असेल तर नोडपर्यंत केबल ओढाच. भिंतीत एक भोक पाडायचा त्रास वर्षानुवर्षांची कटकट वाचवतो.

प्रतिसाद ३ : ब्लूटूथ आणि वायरलेस माउस
हेडफोनचं ब्लूटूथ 79 चॅनेलांवर सेकंदाला 1600 उड्या मारतं आणि गजबजलेले चॅनेल टाळतं, त्यामुळे वायफायला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, फोन कुठल्या खिशात आहे? शरीरातलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झ चांगलंच अडवतं. दुसरं, यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क. तिची वायर नेमका याच पट्ट्यात गोंगाट करते. शेजारच्या पोर्टमध्ये माउसचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) असेल तर माउस अडकत चालतो. डोंगल छोट्या एक्स्टेंशन वायरने दूर न्या, काम झालं.

कॉल सुरू होताच गाण्याचा सुरेख आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तो बिघाड नव्हे. हेडफोनचा माइक चालू झाला की जुनं ब्लूटूथ कमी दर्जाच्या, एकेरी आवाजावर उतरतं. माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा.

प्रतिसाद ४ : मोबाइल नेटवर्क
4जी-5जीसाठी दोन आकडे: आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद आणि एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या वर तो किती. आरएसआरपी -80 छान, -110 वाईट. पण -85 असून एसआयएनआर शून्याखाली असेल तर इंटरनेट रांगणारच. खिडकी बदलून मोजा. कमी रेंजमध्ये फोन बहुधा 200 मिलिवॉटपर्यंत जोर लावतो, बॅटरी त्यामुळे संपते. घरात वायफाय कॉलिंग चालू करा.

विनापरवाना बूस्टर (मोबाइलची रेंज वाढवणारं यंत्र) मात्र लावू नका. बाहेरच्या आणि आतल्या अँटेनात पुरेशी फारकत नसेल तर तो स्वतःचंच ऐकून वाढवत सुटतो आणि टॉवरला फोनचं ऐकू येणंच बुडवतो. परिसरातल्या सगळ्यांचे, आणीबाणीचेसुद्धा, कॉल अडतात.

प्रतिसाद ५ : हौशी रेडिओ
गच्चीवरचा अँटेना हळूहळू बहिरा झाला तर आधी कनेक्टर उघडा. पाणी शिरलेलं असतं. केबलचं वरचं कवच सोलून बघा. तांब्याची जाळी काळी पडली असेल तर तो तुकडा कापून टाका, पुसून भागत नाही. नवा कनेक्टर बसवल्यावर स्वतःत विरघळून चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे एकमेकांवर येतात. वरून उन्हासाठी साधी टेप. कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ द्या. पाणी तिथूनच गळून जातं.